उचलून नेणारं गाव

सांगोल्याकडच्या त्या गावात मी गेले ती मापाची टेप घेऊन. पंचायत, शाळा, दवाखाना अपंग माणसांना वापरता यावा म्हणून कुठं काय बांधायचं, याचा आराखडा करून द्यायचा, हे माझं काम. सोलापुरातून एसटीनं जायचं, मापं घ्यायची आणि मग सगळ्यांना पटवत बसायचं. पटवण्यातच अर्धा जीव जातो.

पंचायतीला पाच उंच पायऱ्या. मी रॅम्पचं नाव काढलं तसे सरपंच हसले. "रॅम्प कशाला, ताई? गावात एकच बाई चाकाच्या खुर्चीवर हाय. ती आली की चार गडी खुर्चीसकट वर आणून ठेवत्यात. आमच्यात माणुसकी हाय की अजून!"

आता माणुसकीपुढं काय बोलणार, कपाळ!

ती बाई ब्लाउज शिवायची. चाळिशीची, लहानपणी पोलिओ झालेला, जिभेला धार. "आलात? घ्या, माझंबी माप घ्या," म्हणाली, आणि आम्ही दोघी खळखळून हसलो. चहा झाला. मग तिनं मशीन थांबवलं, दाराकडं बघितलं.

"उचलताना एकाचा हात नको तितं असतोय, ताई. दर बारीला. मी दिसले की पयला त्योच पळत येतोय."

मी कप खाली ठेवला.

"घरात सांगितलं तर माझं भाईर जाणंच बंद करत्याल. गावात सांगितलं तर म्हणत्याल, उचलणाऱ्यांवरच उलटली. तुमी कुणाला सांगू नका, माझी शपथ हाय. तेवढा उतार करून द्या, मग मी कुणाच्या हातात जात न्हाय."

पंचायतीत वर भरलेल्या ग्रामसभेत अपंगांच्या निधीचा विषय निघाला. रॅम्पसाठी मी म्हातारी माणसं सांगितली, गरोदर बाया सांगितल्या, गुडघे गेलेले सांगितले. खरं कारण तेवढं सांगता येत नव्हतं. सरपंच वाईट माणूस नव्हते. त्यांनी मायेनंच तिला विचारलं, "आक्का, तूच सांग. वर यायला कदी काय त्रास झाला का तुला?"

सगळं गाव तिच्याकडं बघायला लागलं. तिला वर आणणारे चौघंही दारातच उभे होते.

"न्हाय," ती म्हणाली.

निधीतून अपंगांना स्टीलचे हंडे वाटायचं ठरलं. टाळ्या पडल्या.

सभा उठली. चौघं तिला खाली न्यायला पुढं यायच्या आत तिनं माझं मनगट धरलं. "ताई, तुमी धरा की."

मी खुर्चीला हात घातला, बायांना हाका मारल्या. त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "बाप्ये असताना बायांनी कशाला वो?" मी एकटीनंच जोर लावला, तर खुर्ची कलंडायला लागली.

"सरका ताई, पडंल ती," चौघांतला एकजण म्हणाला. अगदी अदबीनं त्यानं माझा हात काढला आणि तिथं स्वतःचा ठेवला. तिनं पदर दोन्ही बाजूंनी गच्च ओढून घेतला, डोळे मिटले. मला सगळ्यांसमोर रडू फुटलं.

शेजारच्या म्हातारीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "व्हय गं बाई, बघून डोळं भरत्यातच. लई जीव लावत्यात तिला."