सोडेवाल्या नंदाताई

नंदाताई कुणाच्याही घरी गेल्या की पायरीवरूनच ओरडायच्या, "सोडे घेणार काय ओ?" आवाज एवढा, की शेजारच्या दोन घरांत ऐकू जावा. तो जावा म्हणूनच त्या ओरडत. हातात दोन कप्प्यांचा स्टीलचा डबा असे. वरच्या कप्प्यात सोडे, म्हणजे सोलून उन्हात वाळवलेली कोलंबी. खालच्या कप्प्यात गोळ्या. टीबीच्या आणि एचआयव्हीच्या.

रत्नागिरीच्या मांडवीत त्या माझ्या घरापासून चौथ्या दारी, भाड्याच्या खोलीत राहत. नवरा मुंबईत कामाला होता. तो वारल्यावर तपासणी झाली आणि त्यांनाही एचआयव्ही असल्याचे कळले. पुढे त्या एका संस्थेच्या कामाला लागल्या. एचआयव्ही असलेल्या ज्यांना टीबीही झाला आहे, त्यांच्या घरी जाऊन गोळ्या पोचवायच्या आणि ते त्या घेतात की नाही पाहायचे, हे काम. "गोळ्यावालीला कोण पायरी चढू देणार? सोडेवालीला चहा पण मिळतो," असे त्या सांगत. सोडे मात्र निवडून घेत. "सोडे खराब निघाले तर गोळ्या पण बंद होतील माझ्या."

मी स्थानिक वर्तमानपत्रात होतो. या कामावर बातमी करायची म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "नाव नको, फोटो नको. हवा तर सोड्यांचा काढा." एक दिवस मी त्यांना स्कूटरवरून जयगड रस्त्यावरच्या एका गावी नेले. तिथल्या रुग्णाला इथे विलास म्हणू. मुंबईतल्या हॉटेलातली नोकरी सोडून तो ताप घेऊन घरी आला होता. घरात एकटी आई. तिला त्याच्या आजारातले काही माहीत नव्हते. "हा माझा भाचा, गाडीवरून सोडायला आलाय," अशी माझी ओळख करून दिली गेली.

आई चहा टाकायला आत गेली, तशा विलासने पडवीत गोळ्या गिळल्या. नंदाताईंनी त्याचे मनगट धरले. त्यावर काळा दोरा होता. तो त्यांनीच बांधलेला. गावात कुणाच्याही हातात असतो, म्हणून कुणी विचारत नाही. दोरा सैल झाला तर वजन उतरले, घट्ट झाला तर माणूस भरतोय.

"रुततोय काय रे मेल्या?"

"रुततोय थोडा."

"मग रुतू दे. नवीन बांधू."

विलासच्या थुंकीची तपासणी दोनदा झाली होती आणि दोन्ही वेळा काही निघाले नव्हते. नंदाताईंनी डॉक्टरांच्या मागे लागून त्याच्या मानेतली गाठ तपासायला लावली. टीबी तिथे सापडला. "आपल्या माणसाचा बेडका खोटं बोलतो," त्या म्हणाल्या. "घाम विचारा, ताप विचारा, वजन विचारा." 'आपली माणसे' म्हणजे एचआयव्ही असलेली. हे वाक्य मी बातमीत जसेच्या तसे घेतले.

परतताना चहाच्या टपरीवर त्यांना खोकल्याची उबळ आली. "सोड्यांची भुकटी जात्ये नाकात," त्या म्हणाल्या.

"तपासलंत?"

"तपासलं ओ. काय नाय निघालं."

बोलताना घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरत होते. त्या ते पुन्हा खाली ओढत होत्या. मी पाहिले. बातमीत वजनाबद्दल लिहिणार होतो, तरी पाहिलेल्याचा अर्थ लावला नाही. त्यांनी तो लावला असावा, कारण थोड्या वेळाने न विचारताच म्हणाल्या, "विलासचे सात आठवडे राहिलेत. मी दवाखान्यात पडल्ये तर तो दुसऱ्या कुणाच्या हातून गोळ्या घेणार नाय. तेवढे होऊ देत, मग बघू."

सात आठवडे झाले. विलासचा टीबीचा कोर्स पूर्ण झाला. "सुटला एक," त्यांनी दारातून मला सांगितले. एचआयव्हीच्या गोळ्या मात्र त्याला जन्मभर घ्यायच्या होत्या.

पुढच्या आठवड्यात त्यांचे डोके दुखू लागले. बाजारात त्यांनी मला विलास म्हणून हाक मारली आणि चूक त्यांच्या लक्षात आली नाही. रुग्णालयात निदान झाले. टीबी मेंदूच्या आवरणापर्यंत गेला होता. एचआयव्हीच्या त्यांच्या स्वतःच्या गोळ्याही लागू पडेनाशा झाल्या होत्या. थुंकीसाठी डबी घेऊन आलेल्या नर्सला त्या म्हणाल्या, "तो नको घेऊ गो बाय, तो खोटं बोलतो." त्यानंतरचे त्यांचे बोलणे कुणाला समजले नाही. अकराव्या दिवशी त्या गेल्या.

स्मशानात आम्ही सात जण होतो. त्यांचा एकही रुग्ण आला नाही. सोडेवालीच्या मयताला कशाला गेलास, असे गावाने विचारले असते. संस्थेने त्यांच्या जागी कुणाला नेमले नाही.

चार महिन्यांनी जयगडला जाताना मी विलासच्या घरी थांबलो. आई पायरीवर बसली होती.

"मावशी येत नाय ती तुझी? सोडे चांगले असायचे तिचे."

"गेली ती," मी सांगितले.

"अरे देवा! कशान?"

विलास दारात येऊन उभा होता. तो माझ्याकडे पाहत होता.

"तापाने," मी म्हटले.

आई चहा टाकायला आत गेली. मी हळूच विचारले, "गोळ्या?"

"रत्नागिरीला रांगेत उभं राहायचं ना. गावातले भेटतात तिथे."

"उद्या गाडी घेऊन येतो."

"नको. लोक विचारतील, सोडेवालीचा भाचा आता कशाला येतो." त्याने खोकला दाबला आणि हात पाठीमागे नेला. त्याआधी मला दिसले होते. काळा दोरा मनगट सोडून तळव्यापर्यंत उतरला होता.