बाहेरची वाट नसलेला कंटेनर

श्रवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या त्या दोन खोल्यांच्या कार्यशाळेत सगळे त्यांना एक्स्चेंजकाकू म्हणत. बावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, ते बंद पडलं, आणि पंचेचाळिशी उलटल्यावर काकू लिनक्स ही संगणकप्रणाली शिकायला बसल्या. "आता या वयात?" जाऊबाईंनी नाक मुरडलं होतं. "मग काय पुढच्या जन्मी? तेव्हा पुन्हा बाराखडीपासून आलं!" काकू म्हणाल्या होत्या.

त्या सकाळी त्यांच्यासमोर शाळेतल्या एक बाई बसल्या होत्या. नवं श्रवणयंत्र त्यांच्या ऐकण्याच्या मापाने जुळवून द्यायचं होतं. एक वाजता वर्ग. मुलांचं बोलणं आजही ऐकू आलं नाही, तर उद्यापासून ग्रंथालयात बसा, असं मुख्याध्यापकांनी सांगून ठेवलेलं.

यंत्र जुळवून देणारा प्रोग्राम कंटेनरमध्ये होता. कंटेनर म्हणजे संगणकाच्या आत आखलेली बंद खोलीच. रुग्णांच्या आवाजाची रेकॉर्डिंगं त्यातच असत, म्हणून त्याला बाहेरचं नेटवर्क द्यायचं नाही, हा इथला नियम. पण कालच संगणक नवा आला आणि आज कंटेनर सुरूच होईना. जुन्या संगणकावर तो एका आभासी पुलाला, म्हणजे संगणकाच्या आतल्या आतच राहणाऱ्या नेटवर्कला, जोडलेला होता. नव्यावर तो पूलच नव्हता.

"पूल नाही, तर पुलाकडची वाट तरी कशाला?" म्हणत काकूंनी सेटिंगच्या फाइलमधल्या नेटवर्कच्या सगळ्या ओळी पुसल्या. तरी गाडं हलेना.

सोल्डरिंग करणारा मिस्त्री मान वर न करता म्हणाला, "काकू, लावा की पाच मिनिटं इंटरनेट. कोण बघतंय?"

"अन् बाईंचा आवाज गावभर फिरला, तर गोळा करायला तू जाणार?"

बाईंना काही ऐकू आलं नव्हतं, पण त्या घड्याळाकडे बघत होत्या. साडेअकरा.

कंटेनर सुरू होताना संगणक ज्या सविस्तर नोंदी लिहितो, त्या काकूंनी उघडल्या. शेवटची ओळ म्हणत होती, कंटेनर सुरू झाला नाही. "ते मलाही दिसतंय, बाबा," काकू पुटपुटल्या आणि नोंदींच्या थेट वरच्या ओळींकडे गेल्या. बोंब शेवटच्या टोकाला होते, बिघाड आधीच्या जोडात असतो, हे एक्स्चेंजने शिकवलेलं. पहिली तक्रार सापडली: सिस्टिमचा एक फोल्डर कंटेनरच्या आत जोडायला परवानगी नाही. आता याचा नेटवर्कशी काय संबंध?

माहितीपुस्तिका धुंडाळली आणि त्यांनी कपाळावर हात मारला. नेटवर्कबद्दल काहीच लिहिलं नाही, तर कंटेनर मुख्य संगणकाचंच नेटवर्क वापरायला जातो. तो फोल्डर त्या नेटवर्कशी बांधलेला, म्हणून इथल्यासारख्या कमी अधिकारांच्या कंटेनरला तो मिळत नाही, आणि तो जागीच अडतो.

"एक्स्चेंजमध्ये तार उपटली की विषय संपायचा," त्या मिस्त्रीला म्हणाल्या. "इथे मी तार उपटली, तर हा भाडेकरू सरळ घरमालकाचा फोन उचलायला धावला!"

"मग आता?"

"आता त्याला तोंडाने सांगायचं. तुझी खोली वेगळी, आणि तिला बाहेर दार नाही."

त्यांनी एकच ओळ लिहिली: नेटवर्कचा प्रकार, एम्प्टी. म्हणजे रिकामं. आतल्या प्रोग्रामना आपापसांत बोलण्यापुरती वाट राहील, बाहेर काही नाही. कंटेनर सुरू झाला. काकूंनी आतून बाहेरचा एक पत्ता गाठून पाहिला. गाठता आला नाही, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

मग पाऊण तास बारीक-मोठे आवाज, "आता?", "जरा कमी", "हं, हे बरं" असं चाललं. शेवटी काकू बाईंच्या पाठीमागे जाऊन दाराशी उभ्या राहिल्या, ओठ दिसू नयेत म्हणून तोंडावर फाइल धरली आणि हळूच म्हणाल्या, "बाई, तुम्हाला उशीर होतोय."

"होतोयच!" बाई पर्स उचलत उठल्या. "आणि तुम्ही दार अडवून उभ्या आहात!"