काकूच्या लघवीच्या पिशवीचा पहिला फोटो

अन्याय माझ्या थोरल्या काकूवर झाला. कधी, तेही सांगते: होळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास, पनवेलच्या एका दवाखान्यात. साल ऐंशीनंतरचं. सोनोग्राफी हा शब्द आमच्या खालापूर तालुक्यात तेव्हा नवा होता. अन्याय करणारी मी. हे आधीच लिहून टाकते, कारण पत्रकं लिहून लिहून मला दुसऱ्याकडे बोट दाखवायची सवय लागली आहे.

काकूचं घर कुंभिवलीजवळ, हमरस्त्यापासून आत. लघवीला बसलं की तिच्या छातीत धडधडायचं. डोकं फुटेल असं दुखायचं, घाम सुटायचा, चेहरा पांढराफटक पडायचा. पाच-दहा मिनिटांत सगळं ओसरायचं. घरच्यांनी बाधा उतरवणाऱ्या भगताला बोलावलं. त्याने तिला समोर बसवून विचारलं, "बाय, ह्ये बसल्यावर व्हतं का उठल्यावर? पानी जास्त प्यालीस तर जास्त व्हतं का?" सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, की न्हाणीमागच्या करवंदीच्या जाळीत काहीतरी आहे, न्हाणी हलवा. काकांनी हलवली. घराच्या दुसऱ्या अंगाला नवी फरशी, नवा आडोसा. धडधड तिथेही आली. भगत म्हणाला, "ती मागनं आली."

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटत कर्जत-खालापूरची गावं पालथी घालत होते. असा मासला मी कशाला सोडते! हिरव्या कागदावरच्या पत्रकात चौथा परिच्छेद तिचाच होता: 'एका बाईचं भूत न्हाणीबरोबर बिऱ्हाड बदलतं! भुताला बसायला दुसरी जागा मिळाली नाही?' नाव घातलं नव्हतं. गरजच नव्हती, न्हाणी हलवलेलं घर आमच्याकडे एकच. पार कशेळ्याच्या बाजारात उभी राहून मी ते वाचलं. लोक खो-खो हसले. मला वाटलं, काम झालं.

पुढच्या खेपेला काकूकडे गेले तर तिने चहा ठेवला आणि पाठमोरीच म्हणाली, "लय नाव केलंस गं माजं."

"अगं, तुझ्यावर नाही, भगतावर आहे ते."

"भगत कुटं बसतो न्हानीत?"

त्यानंतर ती त्या धडधडीबद्दल कुणाशीच बोलली नाही. पाणी मात्र कमी केलं. जितकं कमी प्यायचं, तितक्या कमी वेळा जायचं. पुढे ओटीपोटात दुखायला लागलं, तेव्हा डॉक्टरांना तिने तेवढंच सांगितलं. त्यांनी सोनोग्राफी लिहून दिली. काकांना पंक्चरची टपरी सोडता येईना, म्हणून तिला पनवेलला मी नेलं.

तिथल्या बाईंनी तांब्याभर पाणी पुढे ठेवलं. "सगळं प्यायचं. पिशवी तट्ट भरली पाहिजे, तरच आतलं दिसतं. आणि लघवीला जायचं नाही." काकूने दोन पेले घेतले. मी पेपर वाचत होते. मान वर केली तेव्हा ती उरलेलं पाणी खिडकीतल्या कुंडीत ओतत होती. आमची नजरानजर झाली. ती म्हणाली, "झाड सुकलंय बिचारं."

मी हसले. मला एकची एसटी गाठायची होती, चार वाजता खालापुरात सभा होती, आणि बोलणार होते मी.

आतून डॉक्टरांनी विचारलं, "जोराची लागली आहे का?" काकूने माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हणाले, "भरलंय."

एवढंच. दोन शब्द.

रिपोर्ट इंग्रजीत होता. काकूला मी एसटीत वाचून दाखवला: काही आढळलं नाही. खाली आणखी एक ओळ होती, की मूत्राशय पुरेसं भरलेलं नव्हतं, पुन्हा तपासावं. ती मी मनातल्या मनात वाचली आणि कागदाची घडी घातली. त्या संध्याकाळी सभेत मी काय म्हणाले असेन? 'यंत्राने पोटात डोकावून पाहिलं, तिथे ना भूत, ना आजार!' टाळ्या पडल्या.

गणपतीच्या आधी काकू न्हाणीत पडली. उजवा हात-पाय गेला, तोंड वाकडं झालं. टेंपोत गादी टाकून तिला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. चार-पाच दिवसांनी ती तुटकतुटक बोलायला लागली, तेव्हा वॉर्डातली एक तरुण डॉक्टर आली. तिने काही विचारलं की उत्तर मी द्यायची. तिसऱ्या प्रश्नाला तिने माझ्याकडे वळून म्हटलं, "तुम्ही बाहेर थांबा."

मी दाराबाहेर उभी होते. आतून ऐकू येत होतं. "मावशी, हे कधी होतं? बसल्यावर की उठल्यावर?"

भगताचाच प्रश्न! भगताचं उत्तर चुकलं, हे मी आजही चारचौघांत म्हणेन. पण प्रश्न त्याने विचारला होता. मी विचारला नव्हता.

डॉक्टरने लघवीआधी आणि लघवीनंतर रक्तदाब मोजला आणि पळतच वरिष्ठांना बोलवायला गेली. मग नळी घालून, रक्तदाबावर डोळा ठेवत, पिशवी थोडी थोडी भरली आणि पुन्हा सोनोग्राफी केली. तिनेच मला फोटो दाखवला. भरलेली पिशवी काळीभोर दिसत होती आणि तिच्या भिंतीला आतून सुपारीएवढी करडी गाठ. इतकी स्पष्ट, की मलाही दिसली. फार क्वचित होणारी गाठ आहे, ती म्हणाली. मज्जातंतूंशी नातं असलेल्या पेशींची. लघवी करताना पिशवी आवळते, गाठ दाबली जाते आणि रक्तात असा रस सोडते की रक्तदाब एकदम उसळतो. त्यातल्याच एका उसळीने मेंदूतली शीर फुटली होती. पोटात अशी आणखी कुठे गाठ नाही ना, हे सीटी स्कॅनवर पाहून त्यांनी ऑपरेशन केलं.

धडधड थांबली. हात परत आला नाही. काकूच्या हातची तांदळाची भाकरी त्यानंतर कुणी खाल्ली नाही.

घरी आणल्यावर मी तिला पनवेलच्या रिपोर्टातल्या त्या न वाचलेल्या ओळीबद्दल सांगितलं. ती डाव्या हाताने लसूण सोलायची खटपट करत होती.

"मी पन वतलं ना कुंडीत," ती म्हणाली. "दोगी चोर आपन."

"तू मला घाबरून ओतलंस, काकू."

"तुला कोन घाबरतंय गं? परत कागदात येईन, म्हनून घाबरले."

पुढच्या पत्रकात मी खुलासा छापायला हवा होता. छापला नाही. चळवळीचं नुकसान होईल, असं सगळे म्हणाले आणि मी खुशाल ऐकलं.

म्हणून आता तुम्हाला सांगते. तो हिरवा कागद तुमच्या घरात कुठे पडला असेल, तर काढा. चौथ्या परिच्छेदावर काट मारा आणि शेजारी लिहा: ही बाई खरं बोलत होती. जिथे हसला होतात, तिथेच उभे राहून ते मोठ्याने वाचा. कागद नसेल, तर तुमच्या घरातली जी बाई पाणी कमी पिते, तिला आज विचारा, लघवीला बसल्यावर तुला काय होतं. आणि मग गप्प बसा. उत्तर तिला देऊ द्या.