नमुना कोठून मिळाला

हर्षदा गडदेला उत्तर येत होतं आणि तिनं ते दिलं नाही. पुढचं सगळं त्या गप्प बसण्यातून निघालं.

शिरूरजवळच्या एका कॉलेजात ती कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाच्या जोडीला दुसरीकडचा एक छोटा विषय घ्यावा लागतो. मुलं त्याला मायनर म्हणतात. बरोबरीच्या मुलींनी मार्केटिंग घेतलं, हिनं न्यूरोसायन्स. "मेंदूचं शिकून कॉम्प्युटर चालवनार का आप्रेशन करनार?" असं वडिलांनी, हनुमंत गडद्यांनी, विचारलं होतं. ते कुरकुंभला औषधाच्या कंपनीत शिफ्टला जातात. यंत्राला शिकवायचं तर शिकणारा मेंदू कसा असतो ते आधी बघायला हवं, असं काहीतरी तिनं सांगितलं आणि त्यांनी फॉर्मवर सही केली.

वर्ग बावीस जणांचा. निम्मे मानसशास्त्राचे, काही प्राणिशास्त्राचे, कॉम्प्युटरची तीन मुलं आणि अर्थशास्त्राचा एक पृथ्वीराज. शिकवायला नीलम मॅडम. त्यांचं मूळ काम प्राणिशास्त्राचं, पण या वर्गात त्या प्रश्न असे विचारत की कुठल्याही शाखेच्या मुलानं डोकं खाजवावं.

"मेंदूच्या एकाच बाजूवर दाब आला," त्यांनी एकदा विचारलं, "तर जनावर चालताना काय करेल?"

पडेल, आंधळं होईल, वेडं होईल, अशी उत्तरं आली. हर्षदाला माहीत होतं, ते गोल फिरेल. डावीकडे गाठ असली तर बहुतेक वेळा डावीकडेच फिरत राहील. दौंड तालुक्यात कुरकुंभच्या पुढे त्यांची वस्ती आहे. तिथं आजोबांच्या मेंढरांत दोन-चार वर्षांतून एखादी मेंढी अशी फिरायला लागायची. कुत्र्याच्या पोटातली जंताची अंडी गवतावाटे मेंढीत जातात आणि डोक्यात पाण्याची पिशवी वाढते. आजोबांना, म्हणजे आबांना, अंडी माहीत नव्हती, पिशवी माहीत होती. मेंढीचं डोकं गुडघ्यात धरून ते अंगठ्यानं कवटी चाचपत. जिथं हाड पातळ होऊन दबे तिथं चाकूच्या टोकानं रुपयाएवढी खिडकी करत, पिशवी न फोडता ओढून काढत, वर हळद आणि फडकं बांधत. निम्म्या मेंढ्या मरत, निम्म्या दुसऱ्या दिवशी सरळ चालत. लहानपणी ते फडकं हर्षदाच धरायची.

हे सांगायचं तर घरी मेंढरं आहेत हे सांगावं लागलं असतं. कॉलेजात तिनं 'घरी शेती आहे' एवढंच सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. पण पहिल्या वर्षी सहलीला जाताना न्हावऱ्याजवळ बससमोर एक कळप आला होता. तळेगाव ढमढेऱ्याचा पृथ्वीराज खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडला, "ओ मामा, रस्ता मेंढरांच्या नावावर केला का?" सगळी बस हसली. हर्षदाही हसली. तेव्हापासून शेतीच.

डिसेंबरात मेंदूच्या प्रात्यक्षिकाची वेळ आली. मटणाच्या दुकानातून मेंदू आणायचे तर दुकानदार कवटीवर सत्तूर घालतो, मेंदू फुटूनच येतो. "अख्खा मेंदू कुणी आणू शकेल का?" मॅडमनी विचारलं. "खालची पिट्यूटरी ग्रंथी लागलेली मिळाली तर फारच चांगलं. पण ती मिळत नाही, मलाही कधी मिळालेली नाही."

हर्षदानं हात वर केला. मॅडमच्या नजरेत भरायचं होतं, एवढंच. "ओळखीचं आहे एक," ती म्हणाली.

त्या रविवारी वस्तीवर तिच्या चुलतभावाच्या मुलाचं जावळ होतं. एक मेंढरू कापलं होतं. मुंडी घरातल्या वडीलधाऱ्याच्या मानाची. भाजून, फोडून ती आबांच्या पुढ्यात येते आणि ते सगळ्यांना घास देतात. हर्षदानं मोबाइलवर चित्र दाखवून काय हवंय ते सांगितलं. आबांनी मोबाइल हातात घेतला, लांब धरला, मग फिरवून उलटा केला.

"हे असं असतंय. तुमच्या बुकात उलटं काढलंय."

"खालून दाखवलंय आबा ते."

"मंग बराबर हाय. ही खालची गाठ बी पायजे? ती हाडाच्या खोबनीत बसल्याली असती. वढली का तुटती."

"जमलं तर बघा."

"जमलं तर काय," आबा म्हणाले. "मुंडी माजीच हाय."

बाहेर पंगती उठत होत्या आणि सत्तरीचे आबा गोठ्याच्या सावलीत पोत्यावर बसून दोन तास ते काम करत होते. सत्तूर नाही, कुऱ्हाड नाही. छोटा चाकू, एक चिमटा आणि हाड कुरतडायला जुनी कानस. दोन जण येऊन म्हणून गेले, "आबा, जेवून घ्या की. मुंडी कुटं पळून चालली?" आबांनी मान वर केली नाही. त्या दिवशी मानाचा घास कुणाला मिळाला नाही.

मेंदू डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला. रात्री लाइट गेली. पहाटे उठून हर्षदाच्या आजीनं, साखरबाईंनी, डबा उघडला. शिरूरपर्यंत जायचंय, नासायला नको म्हणून मटणाला लावतात तशी त्याला हळद-मीठ चोळून ठेवलं. हर्षदाला सांगायचं राहिलं. वडिलांनी तिला मोटारसायकलवरून चौफुल्याला सोडलं. बसमध्ये डबा मांडीवर होता, तिनं तो उघडला नाही.

लॅबमध्ये झाकण निघालं. पिवळाजर्द मेंदू, कडेला मिठाचं पाणी सुटलेलं.

 पृथ्वीराज म्हणाला, "हर्षदा, कांदा-खोबरं विसरलीस काय?"

वर्ग फुटला. मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, गॅस पेटवू का?" दुसरी म्हणाली, "भाकरी कोणाच्या डब्यात आहे गं?" नीलम मॅडमही ओठ दाबत होत्या. "कुणी दिलं हे असं?" त्यांनी विचारलं.

"दुकानातनं आणलं, मॅडम," हर्षदा म्हणाली. आवाज हसरा ठेवला होता. "गावाकडचा एक म्हातारा आहे. अडाणी माणूस. त्याला काय कळतंय."

मॅडमनी मेंदू ट्रेमध्ये ठेवून हळूहळू पाण्यानं धुतला. पालथा केला. आणि त्या एकदम वाकल्या. खाली, पातळ देठाला धरून, वाटाण्याएवढी गाठ जागच्या जागी होती. एका शिरेलाही धक्का नव्हता.

"इकडे या सगळे," मॅडम म्हणाल्या. हसू थांबलं. "ही पिट्यूटरी. नीट बघून घ्या, पुन्हा कधी दिसेल माहीत नाही. मेंदू मिठानं थोडा घट्ट झालाय, कापायला उलट बरा." मग हर्षदाकडे वळून, "या माणसाला मला भेटायचंय. इथं बोलावू आपण. कसं उघडतात ते त्यांनी दाखवावं."

सांगायचं तर तीच वेळ होती. पण पृथ्वीराज शेजारी उभा होता.

"ते आजच मेंढरं घेऊन कोकणात गेलेत, मॅडम. आता उन्हाळ्यातच येतील."

आबा बारा वर्षं कोकणात गेलेले नाहीत. गुडघ्यांमुळं सोडलं.

जर्नलमध्ये प्रत्येक प्रात्यक्षिकाला एक छापील ओळ असते, 'नमुना कोठून मिळाला'. हर्षदानं तिथं लिहिलं, 'स्थानिक मटणाचे दुकान'. मॅडमनी सही केली.

संध्याकाळी आबांचा फोन आला. ते स्वतः कधी फोन लावत नाहीत, साखरबाईंकडून लावून घेतला होता.

"त्या गाठीला धक्का तर न्हाई ना लागला?"

"नाही आबा. मॅडमना फार आवडलं."

"मी काडलंय, सांगितलंस का?"

"हो."

"नाव लिवलं?"

"हो, वहीत लिहिलंय."

पलीकडं आबा आजीला सांगत होते, ते तिला ऐकू आलं, "नाव लिवलंय म्हनती."

पुढच्या शनिवारी ती घरी गेली तेव्हा चौफुल्यावरच शेजारच्या वस्तीवरच्या म्हाळसाकाकूंनी गाठलं. "काय गं, आबाचं नाव कॉलेजात लागलं म्हनं? त्यो तर आता मेंढराला हात लावताना बी डाक्टरवानी लावतोय." वस्तीवर प्रत्येक जण तेच बोलत होता. हनुमंतांनी कंपनीत सांगितलं होतं. आबा मात्र जेवण झाल्यावर एवढंच म्हणाले, "ती वही आन की एकदा. बघू."

"पुढच्या वेळी आणते."

ती वही तशीच आणली असती तरी चाललं असतं. आबांना वाचता येत नाही. कुठल्याही ओळीवर बोट ठेवून 'हे तुमचं नाव' म्हटलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती. सोमवारी बसमध्ये हा विचार तिला सुचला, अगदी सहज, एखादं सोपं गणित सुटावं तसा. आणि आपल्याला हे सुचलं याची तिला एवढी लाज वाटली की न्हावऱ्याच्या स्टँडवर बस उभी असताना शेजारच्या बाईनं विचारलं, "बरं वाटत न्हाई का बाळा?"

मॅडम स्टाफरूममध्ये पेपर तपासत होत्या. हर्षदानं जर्नल उघडून पुढं केलं.

"यात चुकीचं लिहिलंय. दुकानातला नव्हता तो. माझ्या आजोबांनी काढलाय. आमची मेंढरं आहेत."

मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे तू तो अडाणी म्हातारा म्हणालीस..."

"हो."

"आणि कोकण?"

"घरीच आहेत ते."

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेन तिच्यापुढं सरकवलं. "एक रेघ मारून खोड, वाचता आलं पाहिजे. खाली बरोबर काय ते लिही आणि तारीख घाल." तिनं लिहिलं, 'मच्छिंद्र धोंडिबा गडदे (आजोबा)'. मॅडमनी शेजारी छोटी सही केली. "बुधवारी त्यांना घेऊन येशील? पुढच्या, या नाही. वर्गाला तू स्वतः सांगायचंस, मी सांगणार नाही."

शनिवारी आबा ओसरीवर बसले होते. हात धुऊन, पुसून त्यांनी वही घेतली. हर्षदानं ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा, मच्छिंद्र धोंडिबा गडदे."

आबांनी वही लांब धरली. बराच वेळ बघितलं. मग तिच्या बोटाच्या वर, खोडलेल्या जागी, स्वतःचं बोट ठेवलं.

"हे काय खोडलंय?"

"चुकलं होतं."

"शाई बी येगळी हाय. हे आधीचं, माजं मागनं लिवलंय." कवटी चाचपावी तसा त्यांचा अंगठा त्या रेघेवरून फिरला. "आधी काय व्हतं?"

साखरबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"मटणाचं दुकान," हर्षदा म्हणाली. आणि मग राहिलेलंही सांगितलं, हळदीवर झालेलं हसणं, म्हातारा, अडाणी, कोकण. सगळं. साखरबाई हळदीचं ऐकल्यावर आत निघून गेल्या. 

"दुकानात असं उघडत न्हाईत," आबा म्हणाले. वही मिटून तिच्याकडं दिली.

"मॅडमनी बोलावलंय तुम्हाला. बुधवारी. पोरांना दाखवायला."

"चाकू न्यावा लागंल."

"हो."

 "येतो," आबा म्हणाले. "पर म्या कोन म्हनून यायचं?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं, तिथं गेल्यावर घोटाळा नको म्हणून.

"माझे आबा म्हणून," हर्षदा म्हणाली. आवाज नीट फुटला नव्हता. आबांनी कानामागं हात धरला, तेव्हा तिला ते पुन्हा म्हणावं लागलं.