सुया टोचल्यावरची बोलणी

आखातातल्या आमच्या हूरा वस्तीतले सुईवाले चाचा मूळचे रत्नागिरीकडचे. ते आधी अंगठ्याने पाठ रगडतात, मग अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचतात आणि माणूस पालथा, निमूट पडला की गप्पा सुरू करतात.

परवा मीही सुया टोचून घेऊन पडलो होतो, तेव्हा पडद्यापलीकडच्या खाटेवर एका कंपनीचे साहेब होते. त्यांचा ड्रायव्हर मुलीच्या लग्नासाठी रजा मागून थकला होता. शेवटची सुई टोचून चाचांनी त्याला बाहेरून आत बोलावलं.

"साहेब, हलू नका हां. बोल रे आता."

"साहेब, लग्न पुढच्या जुम्म्याला..."

"दिली रजा! खलास! सुया काढा!" साहेब उशीत तोंड खुपसून ओरडले.

जबरदस्तीने कुणाकडून काही कबूल करून घेण्याविरुद्ध मी स्वतः पत्रकं वाटली आहेत. तरीही माझ्या खाटेवरून मी ओरडलो, "चाचा, थांबा! पगारी रजा का, ते आधी विचारा!"