मास्तरांची उमेदवारी

एकोणीसशे बत्तीसच्या जूनमध्ये धुळ्याच्या एका कापडगिरणीच्या मेकॅनिक खात्यात पाच नवे उमेदवार कामाला लागले. चौघांना नुकतं मिसरूड फुटत होतं. पाचवे होते जीवराम बोरसे. वय सदतीस, अंगात गळाबंद कोट, खिशाला टाक लावायची जुनी सवय, आणि पाठीशी साक्री तालुक्यातल्या एका खेड्यातली पंधरा वर्षांची मास्तरकी.

ते तिथे कसे आले, हे सांगताना त्यांनाच हसू यायचं. मंदीचे दिवस होते. लोकल बोर्डानं खर्च आवरता घ्यायचं ठरवलं आणि पटावर मुलं कमी असलेल्या शाळांना कुलूप लावलं. त्यात मास्तरांची शाळा गेली. शाळा बंद व्हायच्या आधी बोर्डाकडून एक कागद आला होता. गिरणीला यंत्रांची देखभाल शिकवण्यासाठी मराठी सातवीची फायनल पास झालेली मुलं हवी आहेत, चार वर्षांची उमेदवारी, इच्छुकांची नावं पाठवावीत. मास्तर घरोघर फिरले. पण शिकलेल्या पोरानं लोखंड घासावं हे कुणाच्याच बापाला पटेना. तो कागद महिनाभर टेबलावर पडून होता. शेवटी टेबलच राहिलं नाही, तेव्हा मास्तरांनी त्याच कागदावर स्वतःचं नाव लिहिलं आणि धुळ्याची वाट धरली.

गिरणीचे इंजिनीअर पारशी होते. अर्ज वाचून ते खुर्चीत मागे रेलून हसले.

"मास्तर, आपल्याला अठराच्या आतली मुलं पाहिजे. तुमी तर मुलांचे बाप."

"फायनल पास हवा असं लिहिलं होतं," मास्तर म्हणाले. "मी पास आहे. शाळाही सुटलेली आहे."

साहेबांना उत्तर आवडलं असावं. त्यांनी सहा महिन्यांच्या बोलीवर ठेवून घेतलं. सहा महिन्यांनी काम पाहायचं, जमलं तर पुढे, नाहीतर राम राम.

मेकॅनिक खात्याचे मुख्य होते खाजा मिस्त्री. दाढी मेंदीनं लाल, एका कानानं कमी ऐकू यायचं. नव्या पोरांना हाताशी धरून शिकवायचं काम त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे सोपवलं होतं. तो उजवा हात पुढे आला, तेव्हा मास्तरांनी मान खाली घातली. तो हिलाल होता.

हिलाल त्यांच्याच शाळेतला. शेतमजुरी करणाऱ्या धुरपदाबाईचा एकुलता एक पोरगा. चौथीत असताना शाळेतून गेला तो गेलाच. पुढे धुळ्याला जाऊन गिरणीत तेलवाला झाला, यंत्रांना तेल घालता घालता खाजा मिस्त्रींच्या नजरेत भरला, एवढं मास्तरांच्या कानावर होतं. आता तो विशीतला तगडा गडी होता. हात कोपरापर्यंत काळे. मास्तरांना पाहून तो क्षणभर गडबडला, पाया पडायला वाकला, मग भोवतीची पोरं पाहून अर्ध्यातच सरळ झाला.

"मास्तर, तुमले आठे कसाले धाडं?" त्यानं हळूच विचारलं.

"कुणी धाडलं नाही. शिकायला आलोय."

हिलालनं त्यांच्या हातात कानस दिली आणि समोरच्या वाइसमध्ये लोखंडाचा एक तुकडा घट्ट आवळला. दोन इंची चौकोनी ठोकळा करायचा, सहाही बाजू सपाट, कोपरे काटकोनात. तपासायला गुण्या, म्हणजे काटकोनाची लोखंडी पट्टी. गुण्या टेकवून उजेडासमोर धरायचा. मधून उजेडाची रेघसुद्धा दिसली, तर पुन्हा घासायचं.

काम ऐकायला सोपं होतं. पण कानस पुढे रेटताना मास्तरांचे हात झोका घ्यायचे, आणि लोखंड कडांना झिजून मधे फुगीर राहायचं. ते फुगीर मोडायला जावं, तर दुसरीकडे खळगा पडायचा. तिकडे सतरा वर्षांची पोरं गप्पा मारता मारता घासत होती आणि त्यांचे ठोकळे आकाराला येत होते. मास्तरांनी पाच महिन्यांत सात ठोकळे वाया घालवले. तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. घरी त्यांची बायको, सुगंधाबाई, रोज हाताला हळद-तेल लावायची. गावात ती मास्तरीणबाई होती. इथे चाळीत तिला कुणी ओळखत नव्हतं.

मास्तरांना आणखी एक गोष्ट आतून खात होती, आणि ती त्यांनी सुगंधाबाईलाही सांगितली नव्हती.

आठ वर्षांपूर्वी शाळा तपासायला दिपोटीसाहेब यायचे होते. त्या काळी मास्तरांच्या बढतीचं सगळं त्या एका दिवसावर असे. तेव्हा आदल्या दिवशी मास्तरांनी चार कच्च्या मुलांना सांगितलं, उद्या घरीच राहा. त्यांत हिलाल होता. तपासणी छान झाली, शेरा चांगला मिळाला. तिघं जण दुसऱ्या दिवशी परत आले. हिलाल आला नाही. महिन्यानं मास्तरांनी त्याचं नाव पटावरून कमी केलं. पिंपळनेरच्या बाजारात एकदा धुरपदाबाई भेटली, तेव्हा त्यांनी विचारलं, पोरगा का येत नाही? ती भाजीच्या पाटीवर हात ठेवून म्हणाली होती, "तुम्हीच सांगं व्हतं ना मास्तर, घर ऱ्हाय म्हनीसन." तिच्या आवाजात राग नव्हता. मास्तरांचाच एक शब्द ती त्यांना परत देत होती.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत, भिंतीलगतच्या निंबाखाली भाकरी सोडताना, मास्तरांनी हिलालपुढे तो विषय काढला.

"हिलाल, ते दिपोटी आले होते त्या दिवशी मी तुला..."

"माले याद शे, मास्तर." हिलालनं कांदा बुक्कीनं फोडला. "मी घर गयाच नव्हतू. शाळाना मांगे बठेल व्हतू."

"मागे? भिंतीपाशी?"

"बठ्ठं ऐकू येत होतं. साहेबानं विचारलं, पावणेआठातून सव्वातीन गेले, बाकी किती? वर्गात कोणालेच आलं नाही. तुम्ही दोनदा विचारलं, तरी नाही." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "साडेचार. मला येत होतं."

 माफी मागावी, तर ती कोणत्या तोंडानं मागावी हे कळेना. हिलाल मात्र जेवत राहिला. त्यानं "जाऊ द्या" म्हटलं नाही, आणि दोषही दिला नाही. जेवण झाल्यावर लोट्यातलं उरलेलं पाणी त्यानं मास्तरांच्या हातावर घातलं आणि भोंगा व्हायच्या आत दोघं खात्यात गेले.

डिसेंबर आला. साहेब नव्या उमेदवारांचं काम पाहायला येणार, असा निरोप मिळाला. चार पोरांचे ठोकळे आरशासारखे झाले होते. मास्तरांचा आठवा ठोकळा आधीच्या सातांपेक्षा बरा होता इतकंच. खाजा मिस्त्रींनी तो हातात घेऊन फिरवला, सुस्कारा सोडला आणि हिलालला बाजूला घेतलं. मिस्त्रींना कमी ऐकू येत असल्यानं त्यांचं बाजूला घेऊन बोलणंही सगळ्या खात्याला ऐकू जायचं.

"उस दिन मास्टर को बॉयलर की तरफ भेज दे. काम लगा दे कुछ. साहेब चार ही देखेगा, खुश होके जायेगा. खाली पिली अपनी इज्जत कायको?"

मास्तरांनी ऐकलं. मिस्त्रींचा त्यांना राग आला नाही, कारण हा हिशेब त्यांनी स्वतः केलेला होता, अगदी याच शब्दांत. संध्याकाळी हात धुताना ते हिलालपाशी गेले.

"मी त्या दिवशी रजा घेतो. तुला अडचण नको."

हिलाल सोड्यानं हातावरचं वंगण काढत होता. मान वर न करता म्हणाला, "रजा नको, मास्तर. आपल्या जागावर उभे ऱ्हा."

साहेब आले. पहिला ठोकळा, दुसरा, तिसरा, चौथा. मान डोलवत पुढे सरकले. मास्तरांपाशी आल्यावर त्यांनी गुण्या टेकवला आणि ठोकळा खिडकीकडे धरला. उजेडाची रेघ चांगली ठसठशीत दिसली. साहेबांनी दुसरी बाजू पाहिली, तिसरी पाहिली.

"सहा महिन्यांत हे? कोणी शिकवलं याला?"

खाजा मिस्त्री छताकडे पाहू लागले. मास्तर तोंड उघडणार, तोच हिलाल एक पाऊल पुढे आला.

"मी, साहेब."

"मग तुझं शिकवणं कच्चं आहे."

"हो साहेब. माझं कच्चं राहिलं. आणखी सहा महिने द्या."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. "जूनपर्यंत," एवढं बोलून ठोकळा बाकावर ठेवला आणि निघून गेले.

त्या दिवशी मास्तर नेहमीच्या रस्त्यानं घरी गेले नाहीत. पांझरा नदीच्या काठाकाठानं बरंच अंतर चालले. पंधरा वर्षांच्या मास्तरकीत निकाल चांगला लागला की त्यांनी "मी शिकवलं" असं म्हटलं होतं. वाईट लागला, तेव्हा पोरं दगड होती. एवढी साधी गोष्ट समजायला हातात कानस यावी लागली. घरी पोचल्यावर त्यांनी सुगंधाबाईला सगळं सांगितलं, दिपोटींच्या तपासणीपासून. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "धुरपदाबाईले हाई सांगाले जोयजे."

पुढच्या रविवारी ते तालुक्याच्या मोटारीनं गावी गेले आणि धुरपदाबाईच्या ओट्यावर बसून आले. काय बोलणं झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. येताना तिनं पिशवीत शेंगा भरून दिल्या होत्या.

साहेबांसमोर उभं राहिल्यानंतर हिलालनं शिकवण्याची रीत मात्र बदलली. इतके दिवस तो पोरांना सांगायचा तेच मास्तरांना सांगत होता. आता तो दिवसभर त्यांच्यामागे उभा राहून नुसता पाहत राहिला, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मास्तर, तुम्ही खडूसारखं धरता. मनगटातून लिहिता. हे अंगातून करायचं." त्यानं त्यांचे पाय लांब करून उभं केलं, वाइसची उंची दोन बोटं कमी केली आणि त्यांना डोळे मिटायला सांगितलं. "डोळ्यानं नका पाहू. तळवा फिरवा. कुठं चढ लागतो?" मास्तर डोळे मिटून लोखंडावर हात फिरवायचे. पहिले काही आठवडे काहीच लागेना. मग एक दिवस खरंच लागला, केसाएवढा चढ, उजव्या कोपऱ्याला. मास्तरांनी डोळे उघडले तर हिलाल दात काढून हसत होता. जूनमध्ये साहेबांनी ठोकळा खिडकीला धरला आणि मान डोलवून परत दिला.

त्यानंतरची वर्षं कामात गेली. चार वर्षं पुरी झाली, मास्तर फिटर झाले. फार वरच्या प्रतीचे नव्हेत. नाजूक काम हिलालकडेच जायचं. पण सूतखात्याच्या छताजवळून जाणारा लांबच लांब शाफ्ट, ज्याच्यावर सगळे पट्टे फिरायचे, त्याची देखरेख मास्तरांकडे आली. रोज सकाळी शिडी लावून ते एकेका बेअरिंगला तळवा टेकवायचे. कापसाची धूळ उडणाऱ्या खात्यात तापलेलं बेअरिंग म्हणजे आगीला आमंत्रण.

एकोणीसशे सदतीसच्या दिवाळीत त्यातलं एक बेअरिंग बदलायचं होतं आणि हिलाल तापानं आडवा पडला होता. मास्तरांनी ते एकट्यानं बसवलं. शाफ्टला शेंदूर लावायचा, बेअरिंगमध्ये फिरवायचा, जिथे शेंदूर उमटेल तिथे चढ आहे असं समजून खरवडायचं, पुन्हा लावायचा. दीड दिवस तेच. शेवटी सगळीकडे सारखे ठिपके उमटले. गिरणी चालू झाली. मास्तर शिडीवर तासभर हात टेकवून उभे राहिले. बेअरिंग माठासारखं थंड राहिलं.

त्याच आठवड्यात बोर्डाचं पत्र आलं. मुंबई इलाख्यात नवं मंत्रिमंडळ आलं होतं, बंद शाळा पुन्हा उघडत होत्या. श्री. जीवराम बोरसे यांनी पूर्वीच्या जागी रुजू व्हावं.

सुगंधाबाईनं पत्र दोनदा वाचून घेतलं. तिचा चेहरा उजळला होता. गाव, ओटा, स्वच्छ धोतर, येता-जाता नमस्कार करणारी माणसं. मास्तरांनी तो चेहरा पाहिला आणि पत्राची घडी घातली.

"मी जाणार नाही."

"तुम्ही येडा व्हयनात का? पाच वरीस ज्यानी वाट पाही, तेच दारशी चालत ऊनं."

"आत्ताशी मला येऊ लागलंय, सुगंधा. आत्ताशी. तिकडे मला येतंय असं नुसतं वाटायचं."

ती उठून चुलीकडे गेली. मास्तरांनी नकाराचं पत्र लिहिलं, पण टाकलं नाही. कोटाच्या खिशात घेऊन फिरत राहिले. तिसऱ्या दिवशी कोट धुवायला टाकताना तिनंच ते काढलं आणि समोर ठेवलं. "टाकनं व्हई ते टाका. नुसतं काय मिरवतस?"

हिलाल लढाईच्या दिवसांत मुंबईकडच्या मोठ्या कारखान्यात गेला, तिथेच बिऱ्हाड केलं आणि धुरपदाबाईलाही घेऊन गेला. मास्तर साध्या फिटरच्या जागेवर एकोणीसशे सेहेचाळीसपर्यंत राहिले. हाताच्या रेषांमधलं काळं कधी पुरतं निघालं नाही. सुगंधाबाईला गावाची आठवण यायचीच, ती तसं बोलूनही दाखवायची. पण चाळीत कुणाची शिलाईची मशीन अडली, कुणाची पिठाची गिरणी कुरकुरू लागली की लोक तिच्याच दारी यायचे. ती उंबऱ्यात उभी राहून बारीक चौकशी करायची, आवाज कसा येतो, कधीपासून येतो, आणि मग सांगायची, "ठेवा आठे. कामवरथीन येतीन तवय पाहतीन. पन तेल तुमनं तुम्ही लई या."