आईच्या कंबरेचं शिलाजीत

आमचे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, अमळनेरच्या एका जिनिंगमध्ये कापूस पारखायचे. चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून ताणायचा, धागा किती लांब निघतो ते बघायचं आणि मालाची जात सांगायची, हे त्यांचं काम. त्यांचा हात सहसा चुकत नसे, आणि हे त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं. भरताची वांगी घेतानाही ते अशा नजरेनं बघत, की भाजीवाली न सांगता टोपलीच्या तळातली काढून द्यायची.

आईची कंबर मात्र त्यांच्या हाताबाहेरची गोष्ट होती. वाकून वाकून कापूस वेचण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलेलं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी कंबर अशी धरली, की उठताना ती आधी भिंत शोधायची. डॉक्टर झाले, लेप झाले, वाळूचा शेक झाला. मग कुणीतरी आबांना सांगितलं, हाडांना शिलाजीत चांगलं, फक्त माल अस्सल पाहिजे. माल पारखायचा म्हटल्यावर आबांच्या अंगात संचारलंच.

ऐन वैशाखात ते मला घेऊन धुळ्याला गेले. बसस्टँडबाहेर शिलाजीतवाल्याचा तंबू होता. मागे पडद्यावर मिशाळ पैलवान रंगवलेला, पुढे भोंगा. भोंग्यातून जे चाललं होतं ते ऐकून आबांनी मला समोरच्या रसवंतीत बसवलं. भोंगा अर्थात तिथंही ऐकू येत होता. घोळक्यात सगळे पुरुष, सगळे एकमेकांची नजर चुकवत उभे. त्यात आबांनी जिनिंगमध्ये विचारावं तशा मोकळ्या आवाजात विचारलं, हे बाईमाणसाच्या कंबरेला चालेल का. घोळका खो खो हसला. ‘‘चलेगा क्या, दौडेगा,’’ शिलाजीतवाला म्हणाला.

मग परीक्षा सुरू झाली. त्यानं एक काळा खडा आबांच्या तळहातावर ठेवला आणि सांगितलं, अस्सल शिलाजीत थंडीत दगड होतं आणि हाताच्या उबेनं मऊ पडतं. खडा मऊ पडला. मग पाण्याच्या पेल्यात एक कण सोडला, तर त्यातून तांबूस धागे सुटत तळाशी गेले. धागे दिसल्यावर आबांनी पुढे काही न विचारता एक डबी घेतली. ‘लांब धाग्याचा माल’ एवढंच ते परतीच्या बसमध्ये सांगत राहिले. वैशाखातल्या दुपारी आमच्याकडे डांबरी रस्तासुद्धा मऊ पडतो, हे सगळा जन्म खानदेशात काढलेल्या माणसाच्या लक्षात आलं नाही.

डबी बघून आई लाजेनं अर्धी झाली. त्यात आमचा एक चुलता त्या घोळक्यात होता आणि आमच्या आधी घरी पोचला होता. संध्याकाळपर्यंत ‘या वयात’ अशी सुरुवात होणारी बरीच वाक्यं गल्लीभर झाली. चुलता स्वतः तिथं काय करत होता, हे मात्र त्याला कुणी विचारलं नाही.

आईनं डबी उडदाच्या डब्यामागे दडवली आणि सांगितलं, घेईन, पण कुणाला दिसायला नको. म्हणून आम्ही उठायच्या आत आबा वातीचा स्टोव्ह पेटवून दूध तापवायचे, त्यात कणभर शिलाजीत ढवळायचे आणि तिचं पिऊन होईस्तोवर शेजारी बसायचे. तोवर त्यांनी घरात साधा चहासुद्धा केला नव्हता. मी गोधडीत पडून ऐकायची. दोघं पावसाचं बोलायची, सरकीच्या पेंडीचं, माझ्या लग्नाचं. एरवी चारचौघांत त्यांचं बोलणं म्हणजे ‘जेवण झालं का’, बस. आई रोज सांगायची, फरक पडतोय. आबा तेवढ्यावर दिवसभर खूश असायचे.

पुढे थंडी पडली. आमच्याकडची थंडीही उन्हाळ्यासारखीच, अति करणारी. एका सकाळी आबा डबी हातात घेऊन तसेच बसून राहिले. कोनाड्यातलं खोबरेल दगडासारखं गोठलं होतं आणि पावसाळ्याची ओल धरलेलं शिलाजीत मात्र काकवीसारखं वाहत होतं. त्यांनी बोट बुडवून चाटलं. जळका गूळ. त्यांचा चेहरा एवढासा झाला.

आईनं तेव्हा सांगितलं, तिला पहिल्याच दिवशी वासावरून कळलं होतं. जन्मभर गूळ विरघळवला, ती काय ओळखणार नाही. मग फरक पडतो असं का सांगत होतीस, आबांनी विचारलं. आई बराच वेळ पेला पुसत बसली.

‘‘तुम्हीन सकायले दूध तपाडी देतस,’’ ती म्हणाली, ‘‘तेनाच फरक शे.’’

दुसऱ्या दिवशी स्टोव्ह पुन्हा पेटला. दुधात नुसती हळद होती. कंबर तशीच राहिली आणि सकाळचं दूधही, आई होती तोवर. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ती गेली, कंबरेनं नाही, साध्या तापाचं निमित्त झालं.

त्यानंतरच्या एका पौषात मी जळगावहून माहेरी आले होते. धाकटा भाऊ तेव्हा हिमालयाकडे नोकरीला होता. त्यानं येताना तिकडच्या डोंगरातलं शिलाजीत आणलं. आबा तेव्हा जिनिंगमधून निवृत्त झाले होते, बोटं थरथरायची. तरी त्यांनी माल पारखायला घेतला. थंडीत खडा टणक होता, ठोकल्यावर तुकडा उडाला. तळहातावर बराच वेळ धरल्यावर मऊ झाला. निखाऱ्यावर ठेवला तर जाळ नाही, धूर नाही, नुसता फुगून वर आला. जिभेवर कडू, वास गोमूत्राचा. त्यांनी तुकडा कागदावर ठेवला आणि हात पुसले.

‘‘हाई खरं शे,’’ ते म्हणाले. ‘‘आते कोनले देऊ?’’

मला रडू आवरेना. घरात गॅस आला होता, तरी मी तो जुना स्टोव्ह पेटवला, दूध तापवलं, आणि त्यांचं पिऊन होईस्तोवर शेजारी बसून राहिले.